पंधरावा गडी

आंब्याच्या पेट्या मागवणारा माणूस प्रत्येक मराठी वस्तीत असतो. देवगडच्या कुणा बागायतदाराचा नंबर त्याच्याकडे असतो. 'पन्नास पेट्या झाल्या तर टेंपो थेट गेटापाशी येतो' हे तो मार्चपासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटतो. पेट्या आल्या की त्याच्या स्वतःच्या पेटीत नासके आंबे हमखास जास्त निघतात, कारण चांगल्या पेट्या त्याने आधीच वाटून टाकलेल्या असतात. हाच माणूस इंग्लंडात जाऊन राहिला तर काय मागवेल? माझ्या ओळखीचा एक जण पंधराव्या शतकातली चिलखतं मागवतो.

भाऊ मूळचे ठाण्याचे. पाण्याच्या पंपांच्या धंद्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त होऊन लेस्टरला असतात. त्यांचं कागदोपत्री नाव बँकेलाच काय ते ठाऊक. इंग्रज मित्र त्यांना 'बाऊ' म्हणतात, आणि ज्यांच्याकडे भाऊंची बाकी आहे त्यांच्यापुरता तो उच्चार बरोबरच आहे.

हे वेड लागलं त्याला निमित्त झाला एक मेलेला राजा. तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉस्वर्थच्या लढाईत पडला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमध्येच, गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. सगळं शहर पंधराव्या शतकात शिरलं, त्यात भाऊही शिरले. इंग्लंडात हौशी लोकांचे कंपू असतात. शनिवार-रविवारी ते कुठल्यातरी माळावर तंबू ठोकतात, त्या काळचे कपडे घालतात आणि यॉर्क विरुद्ध लँकेस्टर ही जुनी भांडणं पुन्हा भांडतात. एकाच राजघराण्याच्या दोन शाखा सिंहासनासाठी तीस वर्षं एकमेकांना कापत होत्या. या कापाकापीला गुलाबांची युद्धं असं गोंडस नाव आहे. भाऊंना त्यात नवं काही वाटलं नाही. "भाऊबंदकी आहे झालं," ते म्हणाले, आणि पहिल्याच संध्याकाळी कंपूतल्या एका शिलेदाराला विचारलं, "हे डोक्यावरचं केवढ्याला पडलं?"

त्याने आकडा सांगितला आणि भाऊंच्या आयुष्याला दिशा मिळाली.

इंग्लंडातल्या कारागिराकडून नखशिखांत चिलखत अंगाबरहुकूम घडवून घ्यायचं तर हजारो पौंड जातात, आणि कारागीर वर पुढच्या वर्षीची तारीख देतो. आता, ज्या देशातून भाऊ आले त्या देशात देहरादूनपासून खाली कितीतरी कारखाने युरोपातल्या तलवारी, शिरस्त्राणं आणि रिव्हेट मारलेली कड्यांची चिलखतं बनवून जगभर धाडतात. ज्याला घोड्यावर बसता येत नाही असा मेरठचा मुलगा जर्मन सरदाराच्या पोलादी पंजाची बोटं जोडत बसलेला असतो. भाऊंनी तिकडचा एक कारखानदार गाठला. सुट्या भागांचा संच घेतला तर आणखी स्वस्त: कापून, भोकं पाडून दिलेल्या पोलादी पट्ट्या, रिव्हेटांची पिशवी, वरचं जाड कापड. घरी बसून ठोकायचं. दहा संच घेतले तर आठ टक्के सूट, पंधरा घेतले तर पंधरा.

पंधरा हा आकडा भाऊंच्या डोक्यात शिरला तो कायमचाच.

मागणी जमवणाऱ्या माणसाकडे विकायची कला लागते असं लोक समजतात. भाऊंकडे ती नाही. त्यांच्याकडे मेलेली माणसं आहेत. चिलखताच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक. शिरस्त्राण घ्यायला कुणी का-कू केली की भाऊ थेट रिचर्डवर येतात. "सांगाड्यावर मरतेवेळच्या अकरा जखमा. त्यांतल्या नऊ कवटीवर. नऊ! म्हणजे डोक्यावर काही नव्हतं. राजा होता, परवडत होतं, तरी." समोरचा गप्प होतो. हनुवटी आणि गळा झाकणारा बेव्हर नावाचा पत्रा असतो, तो घालून मान वळत नाही म्हणून लोक टाळतात. त्याच्यासाठी लॉर्ड क्लिफर्ड आहे. १४६१ च्या मार्चमध्ये फेरीब्रिजला त्याने गळ्यावरचं कवच काढलं आणि बाण नेमका तिथे बसला, असं जुन्या इतिवृत्तात आहे. दुसऱ्या दिवशी टॉवटनला लॉर्ड डेकरने पाणी प्यायला शिरस्त्राण उतरवलं, आणि झाडावर लपलेल्या एका पोराने त्याला टिपलं अशी दंतकथा आहे. दंतकथा आहे हे भाऊ सांगतात, पण पैसे भरून झाल्यावर.

तोंडावरच्या झडपेसाठी तर त्यांच्याकडे न मेलेला राजपुत्र आहे. १४०३ साली श्रूसबरीला सोळा वर्षांच्या युवराज हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. काडी निघाली, पातं आत राहिलं. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यवैद्याने त्यासाठी खास चिमटा घडवला, जखमेत मध वापरला आणि पातं बाहेर काढलं. पोरगा जगला आणि पुढे पाचवा हेन्री म्हणून आझँकूरची लढाई जिंकला. ही गोष्ट भाऊ जेवणाच्या टेबलावर सांगतात. चिमटा किती आत गेला ते बोटाने दाखवतात. वहिनी वरणाचं पातेलं उचलून आत नेतात आणि पाहुणा झडपेसकट शिरस्त्राणाची मागणी नोंदवतो.

पायाच्या नळ्यांवरच्या पत्र्यासाठी त्यांना स्वीडनच्या गॉटलंड बेटापर्यंत जावं लागलं. तिथे विस्बीला १३६१ च्या लढाईतले मुडदे सामुदायिक खड्ड्यांत पुरले होते, आणि हाडांवरचे घाव फार करून गुडघ्याखाली. फक्त गुडघ्याच्या वाटीसाठी भाऊंना अजून योग्य मढं मिळालेलं नाही. ती उणीव त्यांना बोचते.

मापं घेण्याचं खातं वहिनींकडे. वहिनींनी ठाण्याला पुष्कळ ब्लाउज शिवले आहेत, त्यामुळे माणूस दारातून आत येतानाच त्यांना छाती कळते. कंपूतले लोक आधी आपापली मापं कागदावर लिहून पाठवायचे. इंग्रज पुरुष कमरेचं माप सांगतो ते लग्नाच्या वर्षीचं. शिवाय चिलखताखाली कापूस ठासलेली जाड बंडी असते, माप तिच्यावरून घ्यायचं असतं, आणि हे लोक घेतात बनियनवरून. पहिल्या खेपेला दोघांची चिलखतं पाठीमागे मिळेचनात. तेव्हापासून वहिनी दिवाणखान्यात खुर्चीवर उभ्या राहून सहा फुटी सरदारांना बंडीसकट मोजतात. कुणी पोट आत ओढलं की टेप ढिली सोडून शांतपणे थांबतात. श्वास किती वेळ धरणार? "कापडाला आत माया ठेवता येते," त्या मला म्हणाल्या. "पोलादाला कुठली रे माया?"

पण भाऊंचं खरं रूप दिसतं ते आकडा बारा-तेरावर अडकतो तेव्हा. तेरा झाले की त्यांना झोप लागत नाही. पंधरा टक्के दिसत असतात, हाताला लागत नसतात. मग ते माणसांकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. पोस्टमनची उंची त्यांच्या लक्षात येते. गेल्या वर्षी गणपतीच्या आरतीला आलेल्या एका मराठी दंतवैद्याला त्यांनी प्रसाद हातात असतानाच धरलं. त्याला लढाईत रस नव्हता, इतिहासात नव्हता, लोखंडात तर मुळीच नव्हता. पण बागेत गुडघ्यांवर बसून तण काढताना गुडघे दुखतात असं तो बोलून गेला. संपलं. आज तो लेस्टरमधला एकमेव गृहस्थ आहे जो पंधराव्या शतकातल्या मिलानी घाटाच्या गुडघ्याच्या वाट्या बांधून गाजराच्या वाफ्यात बसतो. तो चौदावा. पंधरावं नाव भाऊ नेहमी स्वतःचं घालतात. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी धापा टाकत येतो, 'माझं राहिलं' म्हणतो आणि भाऊ आपलं नाव खोडून त्याचं घालतात. दर खेपेला हेच. माझा संशय आहे की तो धापा टाकत येणारा यावा यासाठीच ते स्वतःचं नाव घालतात.

मागणी नोंदवणाऱ्या माणसांत 'मला धरून चला' म्हणणारी एक जात असते. ती जगभर सारखीच. आमच्याकडचा लाल दाढीचा आहे, घरांची छपरं दुरुस्त करतो, मनाने निर्मळ आहे आणि आगाऊ रक्कम भरायच्या दिवशी हटकून छपरावर असतो. पट्ट्या कापायला सुरुवात झाली की याला मत बदलायचं असतं: इटालियन गोलसर घाट नको, जर्मन पन्हाळीदार हवा. सोळा गेजच्या पत्र्याऐवजी अठरा गेजचा द्या म्हणाला, आकडा मोठा म्हणून. गेज वाढला की पत्रा बारीक होतो, सोळाचा १.६ मिलिमीटर, अठराचा १.२, हे भाऊंनी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद घडी करून ठेवला आणि पुन्हा अठराच म्हणाला. पण मग भारी पडेल म्हणून घाबरला.

कारखानदाराशी बोलणी भाऊ हिंदीतून करतात. पलीकडून प्रत्येक प्रश्नाला 'हो जाएगा' असं उत्तर येतं. भाऊ इंग्रजांना त्याचा अर्थ 'सहा आठवडे' असा सांगतात. इंग्रज तो दिनदर्शिकेवर लिहितात. यापलीकडे त्या पर्वाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ज्याने भारतात फर्निचर बनवून घेतलंय त्याला सगळं ठाऊक आहे.

खरी कुरुक्षेत्रं भाड्यावरून झाली. विमानाने माल पाठवताना वजन दोन तऱ्हेने मोजतात: एक काट्यावरचं, दुसरं खोक्याचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायचं, आणि जे जास्त येईल त्याचे पैसे. शिरस्त्राण असतं तीन किलोचं, पण त्याचं खोकं चाळीस बाय तीस बाय तीस, म्हणजे सात किलोंच्या वर. मधली चार किलो निव्वळ हवा. "हवेचं भाडं!" भाऊ हादरले. त्यांनी कारखानदाराला सांगून प्रत्येक शिरस्त्राणाच्या पोटात पोलादी पंजे, पंज्यांच्या पोटात सुट्या कड्यांच्या पिशव्या, आणि उरलेल्या फटींत रिव्हेट भरून घेतले. भाडं एकदम उतरलं. त्या रात्री भाऊ जितके खूश होते तितके मुलीच्या लग्नात नव्हते, असं वहिनी सांगतात.

पण आता वाटणी कशी करायची? वजनावर केली तर जाडे बोंबलतात. किमतीवर केली तर ज्यांनी चांगला माल घेतला ते म्हणतात, आम्ही चांगल्या अभिरुचीचा दंड का भरावा? दंतवैद्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या वाट्या एकीत एक बसतात म्हणून त्यांनी जागाच घेतली नाही. त्यावर वीस टक्के व्हॅट, आणि तोही मालावर, भाड्यावर आणि जकातीवर मिळून. इंग्रज माणूस अशा वेळी भांडत नाही. तो 'मी आपला सहज विचारतोय' अशी सुरुवात करून चार ओळींची चिठ्ठी लिहितो, आणि ती वाचून माणसाला दोन दिवस जेवण जात नाही. भाऊंना अशा नऊ चिठ्ठ्या आल्या. त्यांनी अकरा रकान्यांचा तक्ता केला: काट्याचं वजन, खोक्याचं वजन, किंमत, या तिन्हींचा सुवर्णमध्य, वगैरे. प्रत्येकाचा वाटा पेनीपर्यंत बरोबर आला. लाल दाढीवाल्याकडे अडतीस पौंड निघाले. त्यावर त्याने छपरावरून उत्तर पाठवलं: माझ्या शिरस्त्राणात दुसऱ्याच्या कड्या भरून आणल्या, तेव्हा त्या जागेचं भाडं मला मिळालं पाहिजे.

भाऊ रागावले नाहीत. त्यांनी बारावा रकाना आखला.

त्यांच्या अभ्यासिकेत गणपतीशेजारी एका लालबुंद टोपीवाल्या इटालियन माणसाचं चित्र आहे. येणाऱ्याला वाटतं एखादा मोठा योद्धा असावा. तो फ्रांचेस्को दातिनी, प्रातोचा व्यापारी, १४१० साली वारला. तरुणपणी आव्हिन्यॉला दुकान मांडून त्याने मिलानहून शिरस्त्राणं आणि चिलखतं आणली आणि ज्याला हवी त्याला विकली, भांडणाच्या दोन्ही बाजूंना. वह्यांवर तो देवाचं आणि नफ्याचं नाव एका दमात लिहायचा. त्याची सुमारे दीड लाख पत्रं आणि शेकडो हिशेबाच्या वह्या पुढे घराच्या जिन्याखालच्या पोकळीत तशाच पडून होत्या. त्या १८७० साली निघाल्या. आज मध्ययुगातल्या व्यापाराबद्दल जगाला जे कळतं त्यातलं पुष्कळसं या माणसाने काही फेकलं नाही म्हणून कळतं. बाकीचे लोक पाचव्या हेन्रीची, नाहीतर रिचर्डची कसबी नक्कल करतात. भाऊंना व्हायचंय दातिनी. तेही यॉर्क आणि लँकेस्टर या दोन्ही बाजूंचा माल एकाच खोक्यातून आणतात. फरक एवढाच की दातिनी श्रीमंत होऊन मेला आणि भाऊंना दर खेपेला वीसेक पौंड पदरचे घालावे लागतात. कारण हिशेब पेनीपर्यंत जुळला तरी माणसं जुळत नाहीत.

माल आला त्या दिवशी ट्रकवाल्याने लाकडी फळीवर रचलेला तीनशे किलोंचा ढीग फुटपाथवर ठेवला आणि तो निघून गेला. घरात नेणं त्याच्या करारात बसत नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. पोलादाला पाऊस म्हणजे काय ते भाऊंना ठाऊक. त्यांनी अंगातला रेनकोट काढून ढिगावर घातला आणि भिजत पहारा दिला. संध्याकाळी सगळे जमले. प्रत्येक तुकडा तेलात बुचकळलेला, वर हिंदी वर्तमानपत्रांचे कागद. सरदार लोक आपलं शिरस्त्राण उघडायला उतावीळ, आणि भाऊ प्रत्येक कागद सपाट करून वाचतायत: बिजनौरमध्ये उसाच्या भावावरून आंदोलन. मग कळलं की एकाला दोन्ही पंजे डावे आलेत. दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही उजवे आले असतील म्हणून शोधलं तर नव्हते. जगात कुठेतरी एक माणूस दोन उजवे पंजे घेऊन बसलाय आणि त्याच्या शोधासाठी भाऊंनी ब्राझीलपर्यंत पत्रव्यवहार केला आहे. नवे उजवे येईपर्यंत भाऊंनी ते दोन डावे स्वतःकडे ठेवले. भाऊंच्या मालकीचं चिलखत म्हणाल तर एवढंच.

पुढचे काही आठवडे लेस्टरच्या शांत गल्ल्यांतून रात्री हातोड्यांचे आवाज येत राहिले. ब्रिगंडाइन म्हणजे कापडाआड पोलादी पट्ट्या ठोकलेलं चिलखत. एकेकात शेकडो पट्ट्या, प्रत्येकीला दोन-तीन रिव्हेट. रिव्हेट प्रत्येकाला थोडे कमी पडतात, हा निसर्गनियमच. भाऊंकडे लाडवांच्या डब्यात राखीव साठा असतो आणि तो घेऊन ते डॉक्टरसारखे घरोघर जातात. हे महिने त्यांचे सुखाचे. सगळ्यांचं ठोकून झालं, कुणाचा फोन येईनासा झाला, की ते घरात निष्कारण पंखे दुरुस्त करू लागतात आणि वहिनी मला फोन करून सांगतात, "तुझ्या ओळखीत कुणाला तंबू हवाय का बघ."

टूक्सबरीला दर जुलैत मोठा मेळा भरतो. १४७१ साली इथे चौथ्या एडवर्डने लँकेस्टरवाल्यांचा चुराडा केला. पळणारे ज्या कुरणात कापले गेले त्याला अजून रक्ताचं कुरण म्हणतात. दर वर्षी शेकडो लोक ती लढाई पुन्हा लढतात आणि दर वर्षी लँकेस्टरवाले हरतात, त्याला इलाज नाही. पंधरा जणांना नखशिखांत पोलादात मढवणारे भाऊ या रणांगणावर उतरतात ते साध्या तागाच्या सदऱ्यात, पाण्याचा कॅन घेऊन. उन्हाळ्यात वीस किलोंहून जास्त लोखंडात शिजणाऱ्या लोकांना पाणी पाजणारे लागतातच. भाऊंनी कॅनला नळी लावली आहे, म्हणजे शिरस्त्राण न काढता झडपेखालून पिता येतं. पाजताना ते दर वेळी डेकरचं नाव काढतात.

पण मी नीट बघितलं तर कमरेच्या चामडी पिशवीत त्यांच्याकडे तो तक्ताही होता. चिलखत घातलेला माणूस तहानलेला असतो, त्याला पळता येत नाही, आणि मागून कोण येतंय ते झडपेतून दिसत नाही. वसुलीला यापेक्षा चांगली जागा कुठली? दोघातिघांकडून त्यांनी पाण्याच्या बदल्यात संध्याकाळचा वायदा घेतला. मग त्यांना लाल दाढी दिसली. तो लँकेस्टरच्या डाव्या फळीत होता. भाऊ बाणांच्या वर्षावातून (टोकांना रबर असतं) सरळ त्याच्याकडे निघाले.

त्याने त्यांना येताना पाहिलं. आपल्या फळीवर अजून कुणी चालूनही आलं नव्हतं. तरी तो मोठ्याने ओरडला, छाती धरली आणि आडवा झाला. मेलेल्याने बोलायचं नाही हा या खेळातला पक्का नियम आहे आणि भाऊ नियमाचे माणूस. ते त्याच्याशेजारी उकिडवे बसले. झडप वर केली. आत डोळे घट्ट मिटलेले.

"अडतीस," भाऊ म्हणाले.

प्रेत हललं नाही.

"जागेचं भाडं वजा करून एकतीस पौंड वीस. बाराव्या रकान्यात धरलंय."

प्रेताचा एक डोळा किंचित उघडला. त्याने मनाशी काही हिशेब केला असावा. मग पोलादी पंजाची तीन बोटं गवतावरून हळूच वर आली.

"तीस नाही, एकतीस वीस," भाऊ म्हणाले आणि त्याच्या तोंडात पाण्याची नळी दिली.